लादी सोडून जायचं की नाही: मोझॅक मोहिमेतल्या एका बदलीचं प्रकरण

१६ मे २०२० ला पोलारस्टर्न या जर्मन आइसब्रेकरने, साडेसात महिने ज्या बर्फाच्या लादीला स्वतःला बांधून घेतलं होतं, तिचे दोर सोडले आणि दक्षिणेकडे तोंड वळवलं. मागे बर्फावर राहिली यंत्रं आणि बोया (आपोआप मोजमाप घेणारी तरंगती उपकरणं), माणूस एकही नाही. मोझॅक ही आर्क्टिकमधली, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीची, संशोधन मोहीम. वर्षभर एका जागी (म्हणजे एका लादीवर) बसून मोजमाप घ्यायचं हाच ज्या मोहिमेचा पाया, तिने मधेच जागा सोडली, आणि ती का सोडली, दुसरं काय करता आलं असतं, हे इथे जरा सविस्तर लिहितोय. जहाजांची आणि बंदरांची नावं जाहीरच आहेत म्हणून तशीच ठेवलीत. माणसांची नावं मुद्दाम घेत नाहीये, बघायचंय ते निर्णय कसा झाला एवढंच.

आपल्याकडे आइसब्रेकर म्हटलं की डोळ्यासमोर येतं बर्फ फोडत जाणारं एक दणकट जहाज. या प्रकरणात बर्फ फोडणं हा कामाचा छोटा भाग आहे. खरी गोष्ट आहे ती रिलीव्हरची, म्हणजे आधीच्याला सोडवायला बदलीवर येणाऱ्याची. ज्यांच्या घरातलं कोणी बोटीवर असतं त्यांना हा शब्द वेगळा समजवायला नको.

पार्श्वभूमी

उत्तर ध्रुवाभोवती जमीन नाही, समुद्र आहे आणि त्यावर तरंगणारा बर्फ. अंटार्क्टिकाला आपल्या मैत्री, भारतीसारखं स्टेशन खडकावर बांधता येतं, इथे तशी सोय नाही. उन्हाळ्यात जहाजं आत जातात, थोडे दिवस राहतात, परत येतात. हिवाळ्यात तिथे नेमकं काय होतं, बर्फ कसा वाढतो, ढग किती उष्णता अडवून धरतात, बर्फाखालच्या पाण्यात काय चालतं, याची माणसांनी जागेवर घेतलेली मोजमापं फारच कमी होती. हवामानाची मॉडेलं आर्क्टिकच्या बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण.

यावर उपाय जुनाच होता. १८९३ ते १८९६ मध्ये नॉर्वेच्या नान्सेनने फ्राम हे लाकडी जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं आणि समुद्राचा प्रवाह नेईल तिकडे वाहत गेला. सायबेरियाच्या बाजूचा बर्फ ध्रुवाच्या जवळून ग्रीनलंडकडे सरकत असतो, त्याच्यावर बसायचं आणि जायचं. मोझॅकने हेच करायचं ठरवलं, फक्त जहाज होतं पोलारस्टर्न: ११८ मीटर लांब, १९८२ पासून कामावर, दीड मीटर जाडीचा बर्फ साधारण ५ नॉटने (ताशी ९ किलोमीटर) फोडत जाऊ शकणारं. याहून जाड असेल तर मागे यायचं आणि जोर घेऊन पुन्हा धडकायचं. आइसब्रेकरचा पुढचा भाग उतरता असतो, तो बर्फावर चढतो आणि जहाजाच्या वजनाने बर्फ खाली मोडतो. कापणं वगैरे काही नाही, वजन टाकणं आहे ते.

मोहिमेत २० देश होते, खर्च १४ कोटी युरोच्या पुढे. २० सप्टेंबर २०१९ ला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून पोलारस्टर्न निघालं, सोबतीला रशियाचं अकादेमिक फेदोरोव. ४ ऑक्टोबरला लादी ठरली. लादी शोधणं हीच एक परीक्षा होती, कारण आदल्या उन्हाळ्यात सायबेरियाच्या बाजूचा बर्फ इतका वितळला होता की जाड लादी मिळेना. जी मिळाली तिचा बराचसा भाग पातळ, जेमतेम ३० सेंटीमीटर आणि खालून कुजका, पण एका भागात घट्ट जुना बर्फ होता, त्याला त्यांनी नाव दिलं किल्ला. त्या किल्ल्याच्या भरवशावर पोलारस्टर्न तिथे बांधलं. फेदोरोवने आजूबाजूला ४० किलोमीटरपर्यंत आपोआप चालणारी यंत्रं आणि बोया पेरून दिल्या आणि ते परत गेलं.

इथून पुढे आइसब्रेकरचं काम बदलतं हे लक्षात घ्या. ते आता कुठे जात नाही. ते वीजघर आहे, हॉस्टेल आहे, लॅब आहे, दवाखाना आहे, वर्कशॉप आहे. जहाजातून केबल निघून बर्फावरच्या ठाण्यांना वीज जाते, ओशन सिटी, मेट सिटी अशी त्यांची नावं. बाहेर अंधार, उणे ३०, उणे ४०, अस्वलांवर नजर ठेवायला बंदूकवाले पहारेकरी, आणि या सगळ्याच्या मध्ये हे एक गरम जहाज. ते आहे म्हणून माणूस लादीवर उभा राहू शकतो.

आता माणसं वर्षभर तशीच ठेवता येत नाहीत. दर दोन-तीन महिन्यांनी साधारण शंभर जणांची बदली, यात शास्त्रज्ञही आले आणि जहाजाचे खलाशीही. सगळ्या टप्प्यांत मिळून ४४२ जण होते. म्हणजे एका थांबलेल्या आइसब्रेकरसाठी दुसरी चालती आइसब्रेकर लागणार, आणि त्या फेऱ्यांवर सगळं उभं.

अडचणीची चाहूल

कोरोना यायच्या आधीच एक धडा मिळाला होता, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो.

पहिली बदली डिसेंबर २०१९ मध्ये झाली, रशियाचं कपितान द्रानित्सिन माणसं घेऊन गेलं, बरंचसं ठरल्यासारखं. दुसरी फेरी अवघड गेली. द्रानित्सिन २८ जानेवारी २०२० ला ट्रॉम्सोहून निघालं, बॅरंट्स समुद्रातल्या वादळामुळे काही दिवस खाडीतच थांबून राहिलं, मग बर्फात शिरलं आणि पोलारस्टर्नपाशी पोचायला २८ फेब्रुवारी उजाडला. एक महिना. पोलारस्टर्न तेव्हा वाहत वाहत ध्रुवापासून १५६ किलोमीटरवर येऊन गेलेलं होतं. भर हिवाळ्यात स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर इतक्या उत्तरेला, ८८ अंशांच्या पलीकडे, कुठलंच जहाज त्याआधी गेलेलं नव्हतं.

एक महिना का लागला? फेब्रुवारीत बर्फ नुसता जाड नसतो, थंडीने कडक झालेला असतो, वर बसलेला स्नो जहाजाच्या अंगाला घासून ओढ धरतो, आणि वाऱ्याने बर्फ दाबला गेला की फोडलेली वाट मागे लगेच मिटते. उन्हाळ्यात बर्फात भेगा सापडतात, त्या धरून धरून जाता येतं. हिवाळ्यात भेगा कमी, अंधारात दिसत नाहीत, आणि दिसलेली भेग जहाज पोचेपर्यंत गोठते. मग मागे-पुढे, मागे-पुढे, आणि प्रत्येक धडकेला डिझेल.

ते डिझेल इतकं गेलं की परतीच्या वाटेवर द्रानित्सिनला इंधन द्यायला अॅडमिरल माकारोव हे आणखी एक रशियन आइसब्रेकर पाठवावं लागलं. म्हणजे रिलीव्हरला रिलीव्हर. पोलारस्टर्न बसलेलं, द्रानित्सिन त्याच्यासाठी गेलेलं, माकारोव द्रानित्सिनसाठी. परतणारी माणसं मार्चच्या शेवटी ट्रॉम्सोला पोचली आणि ज्या जगातून गेली होती ते जग तिथे उरलं नव्हतं.

मुख्य अडचण

पुढची बदली एप्रिलमध्ये विमानाने करायची ठरलेली होती. स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या लाँगइयरबीनहून विमानं उडणार, बर्फावरच्या धावपट्टीवर उतरणार, माणसं बदलणार. त्यापुढच्या फेऱ्यांसाठी स्वीडन आणि चीनची आइसब्रेकर होती. कागदावर चांगला प्लॅन होता, एप्रिलमध्ये उजेड असतो आणि बर्फ जाड असतो, विमानाला दोन्ही हवं.

मार्चच्या मध्यात नॉर्वेने सीमा बंद केल्या. स्वालबार्डला लहान हॉस्पिटल, तिथे साथ शिरली तर काय होईल हे सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे त्यांचं चुकलं असं म्हणायला जागाच नाही. मोहिमेच्या विमान टीममधल्या एकाची टेस्ट जायच्या आधीच पॉझिटिव्ह आली, त्यामुळे ते उड्डाणाचं कामही पुढे गेलं. एका मागोमाग एक देशांनी प्रवास बंद केले आणि स्वीडन-चीनच्या जहाजांचं गणितही कोलमडलं.

लादीवर फेब्रुवारीच्या शेवटी आलेली टीम होती, साधारण शंभर माणसं. ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये घरी जायचं होतं. जहाजावर कोरोना नाही, जगातल्या सगळ्यात सुरक्षित जागांपैकी एक म्हणा हवं तर, पण घरी आईवडील, मुलं, आणि बातम्या सॅटेलाइटवरून तुटक तुटक येतायत. त्याच वेळी लादी शांत नव्हती. मार्चमध्ये भेगा पडत होत्या, बर्फाचे बांध उभे राहत होते, केबल वाचवत काम चाललेलं.

हे वाचताना मला सारखे आपले लोक आठवतात. त्याच वर्षी जगभर व्यापारी जहाजांवर साधारण ४ लाख खलाशी करार संपूनही अडकलेले होते, त्यात भारतातले भरपूर, आपल्या कोकणातले, गोव्यातले, मुंबईतले. साइन ऑफ (काम संपवून जहाजावरून उतरणं) झालेलं नाही, रिलीव्हर येत नाही, बंदर उतरू देत नाही. ध्रुवावरच्या शास्त्रज्ञांची आणि टँकरवरच्या फिटरची अडचण त्या दोन-तीन महिन्यांत अगदी एकच होती, फक्त एकीची बातमी झाली.

समोर कोणते पर्याय होते

विमानाचा पर्याय वर सांगितलाच. स्वालबार्ड बंद म्हणजे जवळचं विमानतळच गेलं. एप्रिलमध्ये छोट्या ट्विन ऑटर विमानांनी फक्त सात जणांना बाहेर काढता आलं. ट्विन ऑटर बर्फावर उतरते खरी पण मोजक्याच सीटा, शंभर माणसं आणि त्यांच्या जागी शंभर नवी, शिवाय सामान, हे तिच्याने होणारं काम नाही.

दुसरा पर्याय, एखादं आइसब्रेकर पाठवा. वरवर हाच सरळ वाटतो. पण फेब्रुवारीचा अनुभव ताजा होता. आर्क्टिकचा बर्फ पसरण्याच्या बाबतीत मार्चमध्ये कळसाला पोचतो, पण जाडी मात्र त्याच्या पुढेही, मेच्या सुमारापर्यंत वाढत राहते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्या जहाजाला जास्त जाड बर्फ. उजेड आहे, भेगा दिसतील, लादी आता बरीच दक्षिणेला सरकली आहे, हे फायदे मान्य. तरी परतीला डिझेल पुरेल का, आणि नाही पुरलं तर माकारोवसारखं दुसरं तयार ठेवायचं का, हा प्रश्न उरतोच, आणि त्या दिवसांत एका जहाजाची परवानगी मिळवताना नाकी नऊ येत होते तिथे दोन. अणुशक्तीवरची रशियन आइसब्रेकर आहेत, त्यांना डिझेलची चिंता नाही, पण ती मालवाहू जहाजांना वाट काढून देण्याच्या कामाला बांधलेली असतात, बोलावली आणि आली असं होत नाही.

तिसरा, कोणालाच हलवू नका, आहेत त्यांनाच ऑगस्टपर्यंत ठेवा. यात विज्ञानाचं नुकसान सगळ्यात कमी. माणसांचं सगळ्यात जास्त. दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला सहा महिने ठेवायचं, तेही घरी साथ चालू असताना, आणि त्याच्याकडून अस्वलाच्या आणि भेगांच्या जागी रोज न चुकता काम करून घ्यायचं. थकलेला माणूस बर्फावर चुकतो. माझं मत विचाराल तर हा पर्याय कागदावर ठेवण्यापलीकडे कोणी नेला नाही हे बरंच झालं.

चौथा, मोहीम गुंडाळा. गंभीरपणे बोलला गेलेला पर्याय होता हा. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरात परत या, जे मिळालं ते मिळालं. ऑक्टोबर ते मे एवढी हिवाळ्याची मोजमापं हातात होतीच, ती कमी नाहीत. पण वर्षाचं चक्र अर्धं राहिलं असतं, आणि बर्फ वितळायचा हंगाम, ज्यावर सगळ्यांचा डोळा, तोच गेला असता.

पाचवा, पोलारस्टर्ननेच बाहेर यायचं. लादी सोडायची, बर्फाच्या कडेबाहेर स्वालबार्डपर्यंत जायचं, तिथे नव्या माणसांना आणणारी जहाजं भेटणार, बदली करून पुन्हा त्याच लादीवर परत. या पर्यायाची गंमत अशी की यात येणाऱ्या जहाजाला आइसब्रेकर असायची गरजच उरत नाही. बर्फ फोडायचं सगळं काम पोलारस्टर्न स्वतः करणार, मोकळ्या पाण्यापर्यंत कुठलंही चांगलं संशोधन जहाज येऊ शकतं. आणि जर्मनीकडे अशी दोन जहाजं नेमकी रिकामी होती, झोने आणि मारिया एस. मेरियन, कारण त्यांच्या स्वतःच्या मोहिमा कोरोनाने थांबल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या देशाचं जहाज, दुसऱ्या कुठल्या देशाचे खलाशी, काही लागत नाही.

इथे कोणीही विचारेल की मग थोडी माणसं लादीवर ठेवून का नाही गेले, आठ-दहा जण, तंबू आणि जनरेटर देऊन. जहाजाशिवाय ते जमत नाही. लादी कधीही दुभंगू शकते, हाड मोडलं, भाजलं, अस्वल आलं तर पळायला जागा नाही, आणि सगळ्यात जवळचं जहाज कधी परत येईल ते बर्फ ठरवणार. जाताना किती दिवस लागले ते पुढे येईलच, त्यावरून अंदाज करा.

काय केलं

एप्रिलच्या शेवटी निर्णय जाहीर झाला, पाचवा पर्याय. मेच्या सुरुवातीला नव्या टीमला ब्रेमरहाफेनच्या हॉटेलांमध्ये आणून ठेवलं, पहिला आठवडा प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटा, जेवण दारात, पुन्हा पुन्हा टेस्ट. १८ मेला झोने आणि मेरियन निघाली.

पोलारस्टर्नवर त्याआधी आवराआवर चालली होती. वीज जहाजातून जात होती, जहाज निघालं की केबलवरची सगळी यंत्रं बंद, त्यामुळे जे स्वतःच्या बॅटरीवर, सोलरवर चालेल ते मागे ठेवायचं आणि बाकीचं उचलायचं. साडेसात महिन्यांत उभं केलेलं गाव थोड्या दिवसांत उतरवणं, आणि ते उतरवणारी माणसं बहुतेक परत न येणारी. मला यात वाईट वाटतं ते याचंच.

१६ मेला जहाज सुटलं. पण वाटेत बर्फ दाबाखाली होता, वाट मिळेना, कधी कधी वारा बदलायची वाट बघत थांबायचं. सुटल्यापासून स्वालबार्डला पोचेपर्यंत जवळपास तीन आठवडे लागले. बर्फ फोडायला बांधलेल्या जहाजाला, उजेडात, मे महिन्यात. झोने आणि मेरियन स्वालबार्डच्या इसफियोर्ड खाडीत वाट बघत उभ्या. ४ जूनला भेट झाली, खाडीच्या आडोशाच्या पाण्यात माणसं आणि सामान बदललं, किनाऱ्यावर न उतरता. ८ जूनला पोलारस्टर्न नव्या टीमसह परत उत्तरेला निघालं आणि १७ जूनला लादीवर पोचलं. परतीचा प्रवास नऊ दिवसांचा, म्हणजे जाताना लागले त्याच्या निम्म्याहून कमी. बर्फाच्या बाबतीत वेळापत्रक हा शब्द किती सैल वापरावा लागतो ते यातून कळतं.

निकाल

लादी जागेवर होती. वाहत दक्षिणेला आलेली, पण तीच. थोडी वेगळी जागा निवडून तिच्यावर पुन्हा ठाणं उभं केलं, पुन्हा केबल, पुन्हा भोकं पाडून पाण्यातली यंत्रं. उन्हाळाभर वितळत्या पाण्याची डबकी, समुद्राच्या पाण्यावरचा गोड्या पाण्याचा थर, ढग, सगळं मोजलं. ३१ जुलैला ग्रीनलंडच्या बाजूला बर्फाच्या कडेजवळ लादी फुटली, ठाणं त्याआधी सुखरूप उचललेलं. लादीचा जीव तेवढाच होता आणि तो शेवटपर्यंत बघायला माणसं होती, हे त्या मे-जूनच्या धावपळीचंच फळ.

पुढची बदली ऑगस्टमध्ये रशियाच्या अकादेमिक त्रेश्निकोवने बर्फाच्या कडेला केली, तिचं फार लिहिण्यासारखं काही नाही, नीट झाली. मग पोलारस्टर्न पुन्हा उत्तरेला, १९ ऑगस्टला थेट ध्रुवावर. वाटेत इतका पातळ आणि फुटका बर्फ लागला की जुने लोक गप्प झाले. तिथे जवळच दुसरी लादी पकडून बर्फ पुन्हा गोठायला लागतो तो काळ मोजला आणि १२ ऑक्टोबर २०२० ला जहाज ब्रेमरहाफेनला परत.

आता किंमत. १६ मे ते १७ जून, एक महिना, लादीवर माणूस नव्हता. आणि तो कुठला महिना? बर्फ वितळायला सुरुवात होते तो. त्या वर्षी वितळणं मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं, नेमकं पोलारस्टर्न बर्फात वाट काढत होतं तेव्हा. ताजा स्नो सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो, मोकळा समुद्र १० टक्क्यांहूनही कमी. स्नो ओला होतो, दाणे मोठे होतात, रंग गडद होतो, डबकी पडतात, तसतशी ही टक्केवारी घसरत जाते आणि जितकी घसरेल तितकी आणखी उष्णता आत. हे वळण कसं येतं हा मोहिमेच्या मोठ्या प्रश्नांपैकी एक, आणि त्या वळणावर माणसांनी घेतलेले नमुने नाहीत. मागे ठेवलेल्या यंत्रांनी आणि बोयांनी बरंच पकडलं, बर्फाची जाडी, तापमान, काही ठिकाणी उष्णतेची देवाणघेवाण, सॅटेलाइट वरून बघत होतेच. पण बर्फ पोखरून काढलेला गाभा, पाण्याचा नमुना, त्यातले सूक्ष्म जीव, हे बोयाला जमत नाही.

मला तरी हा सौदा बरोबर वाटतो. एक महिना देऊन बाकीचे तीन-चार महिने मिळाले. मात्र ज्या संशोधकाचं सगळं काम त्या हुकलेल्या महिन्यावर होतं त्याला हे पटेल असं मी म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट फेब्रुवारीची. द्रानित्सिनला महिना लागला आणि माकारोव काढावं लागलं, तेव्हाच हे दिसलं होतं की बदलीची साखळी एका कडीवर तोलली आहे. त्या वेळी, म्हणजे मार्च उजाडायच्या आत, एप्रिलच्या विमानांना पर्याय म्हणून "पोलारस्टर्न स्वतः बाहेर येईल" हा प्लॅन लिहून ठेवला असता तर तारखा निवडायला मोकळीक राहिली असती. नंतर घाईत ठरवताना जहाजं कधी रिकामी, क्वारंटाइन कधी संपतंय, यावरून तारीख पडली, वितळण्याच्या हंगामावरून नाही. लवकर निघून मेच्या मध्यापर्यंत परत येणं जमलं असतं का? बर्फ एप्रिलमध्ये आणखी घट्ट, लादी आणखी उत्तरेला, वाट आणखी लांब, त्यामुळे खात्रीने हो म्हणता येत नाही. पण प्रश्न विचारायला वेळ मिळाला असता.

दुसरी, जहाज नसताना काय चालेल याची तयारी. वीज जहाजातून घेणं सोयीचं आहे, सगळं तिथेच जोडलं जातं, आणि मग जहाज हललं की सगळंच जातं. प्रत्येक विषयातलं निदान एक मुख्य मोजमाप, जहाज महिनाभर गायब झालं तरी चालू राहील असं पहिल्या दिवसापासून बांधायला हवं. आजूबाजूला पेरलेलं यंत्रांचं जाळं त्या महिन्यात केवढं उपयोगी पडलं त्यावरून हे दिसतंच.

तिसरी गोष्ट मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटते म्हणून जरा लांबवतो. भारताकडे स्वतःचं आइसब्रेकर नाही. १९८१ च्या ६ डिसेंबरला पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याच्या मुरगावहून निघाली, २१ जण, जहाज पोलर सर्कल, नॉर्वेकडून भाड्याने घेतलेलं. आजही वास्कोतलं आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र जहाज भाड्यानेच घेतं. कोरोनाच्याच काळात चाळीसावी मोहीम ४ जानेवारी २०२१ ला गोव्याहून निघाली, ४३ जण, वासिली गोलोवनिन हे बर्फात चालायला बांधलेलं रशियन मालवाहू जहाज. त्या वेळचं मुख्य काम काय होतं? आधीच्या हिवाळ्यात मैत्री आणि भारतीवर राहिलेल्या ४८ जणांची बदली करणं, सामान पोचवणं. तीच रिलीव्हरची गोष्ट, ध्रुव दुसरा. त्यातल्या कोणाच्या घरच्यांनी त्या वर्षी ते जहाज नक्की येणार ना, हे किती वेळा विचारलं असेल.

आता कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कोंग्सबर्गबरोबर ध्रुवीय संशोधन जहाजासाठी जून २०२५ मध्ये सामंजस्य करार केलाय, म्हणजे आपलं पहिलं ध्रुवीय जहाज होण्याच्या वाटेवर आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. डिझाइन करताना किती जाड बर्फ फोडणार, लॅब किती, हेलिकॉप्टर कुठे उतरणार यावर बैठका होतीलच. मला त्या फाइलीत आणखी एक पान बघायचंय: हे जहाज बर्फात अडकलं किंवा त्याच्या बदलीचं जहाज आलं नाही तर पहिला फोन कोणाला, त्यांचं जहाज कुठल्या बंदरातून निघणार, पोचायला किती दिवस, आणि परत यायला डिझेल कुठून.